एका वर्षाचे सात दिवस

भातझोडणी उरकली, कापलेल्या शेतांत उरलेल्या ओलीवर वाल उगवून आले, की रायगड जिल्ह्यातल्या गावांमध्ये एक वेगळी वर्दळ सुरू होते. टेम्पोतून मोठी पातेली, सतरंज्या, टिकाव-फावडी आणि तांदळाची पोती उतरतात. मागोमाग एसटीतून पाठीवर सॅक लावलेली कॉलेजची पोरं-पोरी येतात आणि शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या दारावर कापडी फलक चढतो: राष्ट्रीय सेवा योजना, विशेष श्रमसंस्कार शिबिर. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या गावांना हे इतकं सवयीचं झालंय, की पोरं आली म्हणून कुणी कामधंदा सोडून बघायला जात नाही. मात्र या शिबिराचा उगम शोधत मागे गेलं, तर वाट रोह्यातल्याच एका घरापाशी येते, हे फारसं कुणी सांगत नाही.

चिंतामणराव देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावचा, पण बालपण बरंचसं रोह्यात गेलं. वडील वकील. मुलगा १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिला आला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती घेऊन गेला आणि पुढे आयसीएसच्या परीक्षेतही पहिला आला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५२ मध्ये कुलाब्याचे खासदार, नेहरूंचे अर्थमंत्री, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये दिलेला राजीनामा, हा भाग मराठी वाचकाला तोंडपाठ असतो. नंतरचा भाग तितकासा नसतो. राजीनाम्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि ऑगस्ट १९५९ मध्ये राष्ट्रीय सेवेचा आराखडा तयार करण्यासाठी सरकारने नेमलेल्या समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आलं.

प्रश्न जुना होता. राधाकृष्णन आयोगाच्या काळापासून विद्यार्थ्यांनी खेड्यात जाऊन काम करावं असं बोललं जात होतं. पहिल्या पंचवार्षिक योजनेत वर्षभराच्या श्रमसेवेची कल्पना आली होती आणि १९५८ मध्ये खुद्द नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना लिहिलं होतं, की पदवीआधी समाजसेवेची अट घालता येईल का ते पाहावं. देशमुखांच्या समितीने त्यावर सरळ उत्तर दिलं. शाळा संपवून कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी. त्यात थोडं लष्करी शिक्षण असावं, थोडी समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण. हिशेबात मुरलेल्या माणसाचा हा प्रस्ताव शेवटी हिशेबापाशीच अडकला, ही गंमतच म्हणायची. इतक्या मुलांना वर्षभर राहायची सोय, जेवण आणि शिकवणारी माणसं पुरवायची, तर पैसा कुठून आणायचा? अहवाल बाजूला पडला. पाठोपाठ शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या योजना पाहून अहवाल दिला, त्याचा सूर होता की सेवा शक्यतो ऐच्छिक असावी.

याच पट्ट्यात देशमुखांच्या जन्माआधी जेमतेम चार महिने, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, पेण तालुक्यातल्या गागोद्यात विनायक नरहर भावे, म्हणजेच विनोबा, जन्मले होते. एकाने परीक्षा जिंकत कारकीर्द उभी केली. दुसऱ्याने १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला निघताना आपली प्रमाणपत्रं जाळून टाकली आणि गांधींकडे गेला. सक्तीच्या सेवेची कल्पना विनोबांना मानवली असती असं वाटत नाही. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पवनारहून जवळच्या सुरगावला रोज चालत जात आणि हाताने घाण उचलत. वेळापत्रक त्यांचंच, हजेरीपुस्तक नाही. आजच्या शिबिरात पहाटेची प्रार्थना, ग्रामसफाई आणि श्रमदान हे सगळं त्या परंपरेतून आलेलं आहे, तर हजेरी, अहवाल, छायाचित्रं आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र ही दफ्तरी परंपरेची देणगी.

दोन्हींची गाठ बसायला आणखी दहा वर्षं गेली. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली. ती सक्ती सगळ्यांना झेपेना. कोठारी आयोगाने शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवेची शिफारस केली आणि १९६७ मध्ये शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं, की एनसीसीला पर्याय म्हणून एक नवी योजना असावी. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ती सुरू केली: राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजेच एनएसएस. ३७ विद्यापीठं, ४०,००० विद्यार्थी. सेवा ऐच्छिक ठरली आणि वर्षाच्या जागी वर्षाला १२० तास आले, अशी दोन वर्षं. त्या दोन वर्षांत एकदा गावात मुक्काम करायचा. तो मुक्काम आधी दहा दिवसांचा होता, पुढे सातावर आला.

जगात इतरत्र हे गणित वेगळं सुटलं. ब्रिटनने युद्धानंतरची लष्करी राष्ट्रीय सेवा देशमुख समिती काम करत होती त्याच सुमारास बंद करत आणली. यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या नायजेरियाने मात्र १९७३ मध्ये पदवीधरांना वर्षभराची सेवा सक्तीची केली. तिथे नुसतं सुरुवातीचं ओळखशिबिरच तीन आठवड्यांचं असतं, म्हणजे आपल्या अख्ख्या शिबिराच्या तिप्पट. कामाला सुरुवात त्यानंतर.

सात दिवस किती कमी, हे शिबिरातले पहिले दोन दिवस पाहिले की कळतं. ते माणसं बसवण्यातच जातात. पहिल्या दिवशी गट पडतात: स्वयंपाक, पाणी, सफाई, श्रमदान, सांस्कृतिक. गटांना नद्यांची किंवा थोर पुरुषांची नावं दिली जातात, आणि स्वयंपाकाच्या पाळीवरून पहिलं भांडण त्याच रात्री होतं. शहरातल्या सोसायटीत वाढलेल्या पोराला पाच वाजता उठून थंड पाण्याने आंघोळ म्हणजे काय हे दुसऱ्या दिवशी समजतं. रायगडात थंडी फार नसते, पण कुंडलिकेच्या किंवा भोगावतीच्या काठच्या गावात जानेवारीची पहाट अंगावर येतेच. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, रात्री भाजी-भाकरी किंवा पुन्हा भातच. पन्नासांची खिचडी कुणी कधी केलेली नसते. पहिली करपते, दुसरीत मीठ राहतं, तिसरी जमते. टिकाव मारून हाताला आलेले फोड मात्र खिचडीइतक्या लवकर सुधारत नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी घरी जायचं म्हणणारे दोन-चारजण निघतातच. कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमलेल्या प्राध्यापकाचं खरं कौशल्य तिथे लागतं. तो अर्थशास्त्र शिकवत असो की वनस्पतिशास्त्र, त्या रात्री त्याला थोडं आई व्हावं लागतं.

हे सगळं ज्या पैशात चालतं, तो आकडा सांगितल्यावर लोक पुन्हा विचारतात. अलीकडच्या वर्षांपर्यंत शिबिराला माणशी ४५० रुपये मिळत. सात दिवसांना भागले तर दिवसाला ६५ रुपयेसुद्धा पुरते नाहीत, आणि त्यात जेवण, प्रवास, साहित्य सगळंच. शिबिर उभं राहतं ते गावामुळे. कुणी भाजी आणून टाकतं, कुणी सरपण, कुणी पाण्याचा टँकर. हिवाळ्यात एखाद्या रात्री गावातली पोरं शेतावर पोपटी लावतात: मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, वरून विस्तव. शहरी पाहुण्यांना गावाची खरी ओळख होते ती तिथे, दुपारच्या बौद्धिकात क्वचितच. बौद्धिकात निम्मे जण पेंगत असतात आणि वक्त्यालाही ते ठाऊक असतं.

तिसऱ्या दिवसापासून काम दिसू लागतं. सर्वेक्षणाला वह्या घेऊन पोरं वाडीवर जातात आणि तिथे अनेकदा पहिला धडा मिळतो तो बंद दारांचा. पेण, रोहा, सुधागड या भागात कातकरी वाड्या पुष्कळ. पावसाळा संपला की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शिबिराचा हंगाम नेमका त्यांच्या स्थलांतराचा हंगाम. ज्यांच्यासाठी शिबिर भरवलं म्हणायचं, ती माणसं तेव्हा भट्टीवर असतात आणि रकान्यांतली माहिती वाडीत राहिलेल्या म्हाताऱ्यांकडून भरली जाते. योजना आखणाऱ्यांनी कॉलेजच्या सुट्ट्या पाहिल्या, गावच्या रोजगाराचं वर्ष पाहिलं नाही, ही तिची जुनी उणीव आहे.

श्रमदानात मात्र या भागाला नेमकं जुळणारं एक काम मिळालं: वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंड शिवायचं आणि ओढ्यात आडव्या, एकमेकींवर सांधे मोडत रचायच्या. पावसाळा सरून ओढ्याची धार बारीक झाली की पन्नास पोरं एका सकाळी एवढं करू शकतात. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी मार्चपासून वाड्यांना पाण्याची ओढ लागते, कारण उतारावरचं पाणी थांबतच नाही. गोण्यांच्या मागे अडलेलं पाणी गुरांना आणि जवळच्या विहिरीला काही महिने पुरतं. हा स्वस्त बंधारा गावोगाव पोचवणाऱ्या वनराई संस्थेचे संस्थापक मोहन धारिया यांचा जन्मही महाड तालुक्यातल्या नात्याचाच, देशमुखांच्या गावचा.

योजनेचा सगळ्यात आक्रमक काळही पाण्यावरूनच आला होता. १९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला आणि १९७३ मध्ये देशभरातल्या शिबिरांना दुष्काळाशी लढण्याचा एकच विषय दिला गेला. पुढच्या वर्षी अस्वच्छता आणि रोगराई, त्यानंतर पर्यावरण आणि ग्रामीण पुनर्रचना असे विषय येत गेले. विषय दिल्लीत ठरे, टिकाव गावात पडे.

सरकारच्या पैशाशिवाय आणि प्रमाणपत्राशिवाय हीच गोष्ट करणारा आणखी एक माणूस रोह्याचाच. पांडुरंगशास्त्री आठवले, जन्म १९ ऑक्टोबर १९२०. त्यांच्या स्वाध्याय परिवाराची भक्तिफेरी म्हणजे स्वतःच्या खर्चाने, स्वतःचा शिधा बांधून गावात जाणं आणि गावाकडून काही न घेणं. त्याला समाजसेवा म्हणणं शास्त्रींना पसंत नव्हतं, ते भक्ती म्हणत. तिकडे माणगाव तालुक्यात वडघरला साने गुरुजींच्या नावाने उभ्या राहिलेल्या स्मारकात समाजवादी वळणाची शिबिरं भरतात. विचार पूर्ण वेगळे, पण सतरंजी, पंगत, पहाटेची उठवण तीच. कॉलेजच्या शिबिराने या सगळ्यांकडून कमीअधिक उचललं आहे, फक्त कुणाचं काय उचललं याची नोंद ठेवलेली नाही.

पोरं शिबिराला येतात ती कशासाठी? मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत एनएसएससाठी मिळणारे दहा गुण हे एक ठळक कारण, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सह-अभ्यासक्रम म्हणून एनएसएसला श्रेयांक मिळू लागले आहेत. खेळ, कला, एनसीसी किंवा एनएसएस, यांतलं काहीतरी निवडावंच लागतं. म्हणजे देशमुखांची सक्ती अर्ध्या रस्त्याने परत आली. त्याचबरोबर सत्र परीक्षांचं वेळापत्रक इतकं घट्ट झालं, की सलग सात मोकळे दिवस सापडणं अवघड. शिबिर डिसेंबरच्या सुरुवातीला झालं तर बंधाऱ्याचं काम घेता येतं. जानेवारीच्या अखेरीस ढकललं गेलं, की ओढ्यात अडवण्याजोगं पाणी फारसं उरत नाही, आणि मग गावाला शोषखड्डे किंवा शाळेच्या कुंपणाचं काम सुचवावं लागतं.