मंडल, कात्री आणि आईची वही

मंडल म्हटलं की माझ्या पिढीला आधी १९९० सालचं आयोगावरचं आंदोलन आठवतं, मग गल्लीतलं गणपतीचं मंडळ, मग वीजमंडळ. वर्तुळ शेवटी. माझंही तसंच होतं. दीड वर्षापूर्वी आमचा प्रोजेक्ट गुंडाळला गेला, अर्धी टीम घरी गेली. कोणाला ठेवायचं आणि कोणाला नाही, या एक्सेल शीटवर ज्यांना बसवलं त्यांत मीही होतो. नोकरी राहिली, झोप गेली. अशाच एका रात्री दोन वाजता मुलीच्या कंपासपेटीतला कंपास घेऊन जुन्या प्रिंटआउटच्या पाठीवर वर्तुळं काढत बसलो. एक वर्तुळ, त्याचे बारा भाग, प्रत्येक भागात एक पाकळी. पहाटे लक्षात आलं की तीन तासांत ती शीट एकदाही आठवली नाही.

तेव्हापासून दर वीकांताला हा उद्योग चालू आहे. नुसत्या पेनाने भागेना तेव्हा चिकटवाचिकटवी सुरू झाली. बसची तिकिटं, लग्नपत्रिकांचा सोनेरी कागद, जुन्या कीबोर्डच्या कळा, आगपेटीची चित्रं, सगळं फेविकॉलने वर्तुळात. याला मिक्स्ड मीडिया म्हणतात हे मुलीने सांगितलं. बायको कचरा म्हणते. :)

खरी पंचाईत दिवाळीच्या साफसफाईत झाली. माळ्यावरच्या ट्रंकेत आईची रांगोळीची वही सापडली. लग्नाआधीपासून भरत आलेली, चौकटीच्या कागदाची. ठिपक्यांचे आकडे, कासव, कमळ, चैत्रांगणाचं एक अख्खं पान, मध्येच किराण्याची यादी. काही पानं सुटलेली, काहींवर तेलाचे डाग. बघताक्षणी हात शिवशिवले. या पानांचं काय सुंदर मंडल होईल! आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. आईची वही कापायची? आईचा हात गेली दोन वर्षं कापतो. चिमटीतून रांगोळी सुटत नाही. म्हणजे या वहीत आता नवं काही येणार नाही.

निर्णय होत नसेल तर माणसाने वाचावं, हा आम्हा इंजिनिअर लोकांचा जुना रोग. वाचता वाचता तीन माणसं भेटली, खरं म्हणजे दोन माणसं आणि एक मठ. तिघांचं उत्तर वेगवेगळं.

पहिला, कार्ल गुस्ताव युंग. मानसशास्त्रातला हा मोठा माणूस १९१३ च्या सुमाराला पार हलला होता. फ्रॉइडशी फाटलं होतं आणि जागेपणी भयंकर दृश्यं दिसत होती. जे दिसेल ते तो लिहून ठेवायचा, चित्रं काढायचा. त्याचं पहिलं मंडल १९१६ चं. १९१७ मध्ये तो स्विस सैन्यात डॉक्टर म्हणून शातो-दे या डोंगराळ गावात होता. तिथे इंग्रज युद्धकैद्यांना ठेवलं होतं आणि त्यांची छावणी याच्या ताब्यात. त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याने लष्करी वहीत पेन्सिलने सत्तावीस मंडलं काढली. सकाळी उठायचं आणि एक वर्तुळ काढायचं. त्यावरून आज आपलं मन कसं आहे ते कळतं असं त्याचं म्हणणं. आमच्या भाषेत सांगायचं तर रोजची लॉग फाइल.

यातला मला आवडलेला किस्सा वेगळाच आहे. एका ओळखीच्या बाईंनी त्याला पत्र लिहिलं की तू काढतोस ती कला आहे, मान्य कर. युंग वैतागला. कला म्हटलं की माणूस बघणाऱ्यासाठी काढायला लागतो, ही त्याची भीती. दुसऱ्या दिवशीचं मंडल बिघडलं. वर्तुळाचा काठ एका जागी फुटला आणि समतोल गेला. 'छान आहे, ऑनलाइन टाक ना' असं कोणी म्हटलं की माझी पुढची पाकळी हमखास वाकडी येते, त्याचं कारण मला शंभर वर्षं जुन्या या किश्शात सापडलं!

युंगने १९२९ मध्ये एका चिनी ग्रंथाच्या जर्मन भाषांतरावर भाष्य लिहिलं आणि त्यासोबत युरोपीय माणसांनी काढलेली दहा मंडलं छापली. त्यांतली काही त्याची स्वतःचीच होती, पण नाव दिलं नाही. आणि ज्या लाल चामडी बांधणीच्या मोठ्या ग्रंथात त्याने ही चित्रं रंगांत, सुंदर अक्षरांसकट उतरवली होती, तो घरच्या कपाटात राहिला. युंग १९६१ मध्ये गेला. वारसांनी १९८४ मध्ये तो ग्रंथ बँकेच्या तिजोरीत ठेवला आणि जगाला तो छापून दिसला थेट २००९ मध्ये. म्हणजे युंगचं उत्तर स्पष्ट : वही जपा, कुलूप लावा.

दुसरा माणूस याच्या बरोबर उलट. कुर्त श्विटर्स, जर्मनीतल्या हानोवरचा. युंग छावणीत वर्तुळं काढत होता साधारण त्याच सुमाराला हा हानोवरजवळच्या व्युल्फेल इथल्या लोखंडाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. चाकांवर आणि यंत्रांवर त्याचं प्रेम बसलं ते तिथे. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये युद्ध संपलं, जर्मनी मोडून पडला, आणि याने रस्त्यावरचा मोडका माल उचलून चित्रात चिकटवायला सुरुवात केली. ट्रामची तिकिटं, वेष्टनं, दोऱ्या, लाकडाचे तुकडे. या प्रकाराला त्याने नाव दिलं 'मेर्त्झ'. एका बँकेच्या छापील नावातल्या 'कोमेर्त्झ' शब्दाचा कापून उरलेला तुकडा! चित्रात खऱ्या वस्तू चिकटवणारा तो पहिला नव्हे. पिकासोने १९१२ मध्येच कॅनव्हासवर वेताच्या विणीचं चित्र छापलेलं मेणकापड चिकटवून भोवती दोरखंड लावला होता. पण श्विटर्सने त्याचा जन्मभराचा धर्म केला.

त्याचं १९१९ चं एक काम न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. नावाचा अर्थ 'फिरणं'. मी फक्त फोटो पाहिलाय. लाकूड, धातू, तार, दोरी, पुठ्ठा, लोकर, चामडं आणि तैलरंग, आणि या सगळ्या भंगारातून तयार झालेली वर्तुळं. कोणी त्याला मंडल म्हणत नाही. पण १९१९ च्या जर्मनीत एक माणूस मोडक्या तुकड्यांतून वर्तुळ जुळवतोय, हे बघून माझ्या पोटात काहीतरी हललं खरं.

पुढे नाझींनी त्याची कला भ्रष्ट ठरवली. १९३७ मध्ये तो नॉर्वेला पळाला, १९४० मध्ये तिथून ब्रिटनला. ब्रिटिशांनी जर्मन म्हणून आइल ऑफ मॅनवरच्या छावणीत डांबला. युंग छावणीचा अधिकारी होता, श्विटर्स कैदी! तिथे सामान मिळेना, तर याने लोकांच्या ताटात उरलेल्या लापशीचे पुतळे केले. त्यांना बुरशी आली म्हणे. हानोवरच्या घरातल्या खोल्या त्याने आतून बांधत नेऊन त्यांचं एक शिल्प केलं होतं, ते १९४३ च्या बाँबहल्ल्यात गेलं. १९४८ मध्ये तो इंग्लंडमध्ये वारला, तोपर्यंत हाताला येईल ते चिकटवतच होता. त्याचं उत्तर : काप आणि लाव. कपाटातली वस्तू मेलेली असते, चिकटवलेली पुन्हा कामाला लागते.

आता मठ. तिबेटी भिक्षूंची वाळूची मंडलं आपण फोटोत पाहतो. न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये १९८८ मध्ये नामग्याल मठाच्या भिक्षूंनी लोकांसमोर कालचक्र मंडल घडवलं. त्यात ७२२ देवता असतात. आधी खडू लावलेला दोरा ताणून, टण्णकन सोडून रेघा पाडायच्या, आपले सुतार पाडतात तशाच. मग धातूच्या निमुळत्या नळीत रंगीत वाळू भरायची आणि खरबरीत बाजूवर दुसरी नळी घासायची. त्या थरथरीने कण कण खाली पडतो. आणि पूर्ण झालं की पुसायचं. वाळू मध्याकडे गोळा करून वाहत्या पाण्यात सोडायची.

मजा म्हणजे हे मंडल फुलाचा नक्षा नसतोच. तो महालाचा प्लॅन असतो : मध्ये देवता, भोवती चौरस, चार दिशांना चार दारं, बाहेर वर्तुळ. आणि गोल असायलाच हवं असंही नाही. वेरूळच्या बारा नंबरच्या लेण्यात, तीन तालमध्ये, भिंतीवर नऊ घरांचा चौकोन कोरलाय. मधल्या घरात बुद्ध, भोवतीच्या आठांत बोधिसत्त्व. हेही मंडलच. शाळेच्या सहलीत मी त्याच्यासमोर डबा खाल्ला असणार आणि ढुंकूनही पाहिलं नसणार. म्हणजे मी काढतो ती पाकळ्यांची वर्तुळं भिक्षूंच्या मंडलापेक्षा आईच्या रांगोळीच्याच जवळची. नाव मठातलं, घराणं उंबऱ्यातलं.

१९३८ मध्ये दार्जिलिंगजवळच्या मठात युंगला एका लामाने सांगितलं होतं की खरं मंडल मनात रचायचं असतं, भिंतीवर टांगलेलं फारसं महत्त्वाचं नाही. मठाचं उत्तर असं : वहीत अडकू नका.

असो. आकडे आवडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २००५ मध्ये अमेरिकेत ८४ विद्यार्थ्यांना आधी बेचैन करून मग रंगवायला बसवलं. काहींना मंडल, काहींना नुसत्या चौकड्या, काहींना कोरा कागद. कोऱ्या कागदापेक्षा मंडलाने बेचैनी जास्त उतरली, पण चौकड्यांनीही जवळजवळ तेवढीच. २०१२ मध्ये दुसऱ्यांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मंडल पुढे गेलं. वाद मिटलेला नाही. पण आईची वही चौकटीच्या कागदाची आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा अर्थपूर्ण वाटलं.

इतकं सगळं वाचून झाल्यावर सुचलं की ज्यांची वही आहे त्यांना विचारावं. (हे आधी सुचायला हवं होतं, पण मग हा लेख झाला नसता.) भीत भीत आईसमोर वही ठेवली. म्हटलं, "यातली पानं कापून एक चित्र करू का?"

आईने पानं उलटली. एका पानावर थांबली. म्हणाली, "ही तुझ्या बारशाची. दारात काढली नि तासाभरात पावसाने नेली." मग म्हणाली, "काप की. रांगोळी रोज पुसायचीच असते रे. ती किराण्याची यादी मात्र ठेव, तुझ्या बाबांचं अक्षर आहे."

मी आयुष्यभर ती यादी आईच्या हातची समजत होतो.

सगळी पानं आधी स्कॅन केली, तेवढा युंग माझ्यात आहेच. यादीचं पान वहीतच राहिलं. सुटी झालेली पानं कापून बारा भागांत लावली, मध्यभागी जागा रिकामी सोडली. आई बाजूला बसून बघत होती. मग तिने माझा पेन मागितला आणि मधल्या जागेत ठिपके द्यायला लागली. हात कापत होता. ठिपके ओळीत आले नाहीत, दोन तर बाहेरच्या पानावर गेले. तिने ते खोडले नाहीत, मीही बोललो नाही. पाच ते एकची रांगोळी होती, म्हणजे निदान तसं ठरवलं होतं.

ते चित्र आता तिच्या खोलीत आहे. समतोल नाहीये. त्या एक्सेल शीटमधल्या दोघांना मी गेल्या रविवारी फोन केला. एकाने उचलला. पण ते पुन्हा कधीतरी.