प्रवचनाची खरी तयारी



ख्रिस्ती प्रवचनाच्या तयारीविषयी एका कामगार कार्यकर्त्याने बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटले असेल. मी ख्रिस्ती नाही आणि इतिहास कोणत्या विद्यापीठात शिकलोही नाही. जे वाचले ते युनियनच्या कामातून उरलेल्या वेळात, वाचनालयाच्या बाकावर बसून. परंतु पाळी सुटताना फाटकापाशी उभे राहून, घरी जाण्याच्या घाईत असलेल्या माणसांना दहा मिनिटे थांबवून धरण्याचा उद्योग मी आयुष्यभर करीत आलो आहे. त्यामुळे परक्या गावी, परक्या भाषेत आपले म्हणणे पटवू पाहणाऱ्या माणसांविषयी मला कुतूहल आहे. त्यांनी तोंड उघडण्यापूर्वी काय केले, एवढाच आजचा प्रश्न.

आरंभ आपल्या नागपुरापासूनच करू. ज्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ साली येथे निघाले, ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाद्री. १८४५ च्या आरंभी ते नागपुरास आले तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. स्कॉटलंडातील प्रवचनाची रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. पवित्र शास्त्रातले एक वचन घ्यावयाचे, त्याचा अर्थ सांगावयाचा, मुद्द्यांची क्रमवार फोड करावयाची आणि शेवटी श्रोत्याच्या आचरणाशी त्याची गाठ घालावयाची. रचना चोख खरी; परंतु ती लहानपणापासून बायबल ऐकत आलेल्या आणि प्रार्थनेसाठी बाकावर स्वस्थ बसलेल्या श्रोत्यासाठी होती. बाजारातला माणूस असा नसतो. चार वाक्ये ऐकून तो पुढे जातो, नाही तर उलट प्रश्न विचारतो.

हिस्लॉप मराठी शिकले, शाळा चालवू लागले, गावोगाव फिरले. गोंडांची भाषा आणि चालीरीती त्यांनी टिपून ठेवल्या आणि लिंगोचे दीर्घ गीत एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतले. जो आपले शास्त्र सांगायला आला होता, तो दुसऱ्याचे पुराण ऐकत बसला! ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापविले. हिस्लॉपांच्या उपदेशाने बाप्तिस्मा घेणारे थोडेच निघाले. परंतु गोंडांच्या अभ्यासकाला ते कागद आजही टाळता येत नाहीत.

ऐकण्याचे हे मोल त्यांच्या आधी सव्वादोनशे वर्षे गोव्यात एका इंग्रज जेझुइटाने ओळखले होते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास उतरले. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती. ती बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे का देत नाही, असे धर्मशिक्षणाच्या वर्गात एका श्रोत्याने विचारल्याचा प्रसंग स्टीफन्सनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच दिला आहे. ही तक्रार होती, आणि रास्त तक्रार होती. तिचे उत्तर म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ झाले. १६१६ मध्ये ते राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. रविवारी आणि सणावारी उपासनेनंतर ते देवळात वाचले जाई. श्रोत्याच्या कानात ओवी आधीच होती. स्टीफन्सनी तीत आपला आशय ओतला.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. सत्तेला वाटते की भाषा हुकुमाने बदलते. परंतु ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती लोकांनी जपल्या, आणि त्यांच्या आधाराने १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले. रोमन कॅथलिक उपासनेत लोकभाषांना मोकळी वाट मिळाली ती १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर.

तिसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. त्यांचाही नागपूरशी संबंध आहे; येथे आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते वाङ्मयाचे काम करीत होते. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबल वाचण्यास सांगितले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) ख्रिस्ती मंडळींत कीर्तनाचा उपयोग त्यांच्या आधीच सुरू झाला होता. टिळकांनी त्याला कवीची वाणी दिली.

कीर्तनाची घडण आपणांस ठाऊक आहे. पूर्वरंगात मूळ पद व त्याचे निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि अखेरीस फिरून मूळ पदाकडे. स्कॉटिश प्रवचनाचाही सांगाडा याहून फारसा निराळा नाही! फरक एवढाच की येथे श्रोता मुका राहत नाही. तो टाळ धरतो, धृपद उचलतो.

आता उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या. लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात ती आहे. बाप जिवंत असताना मुलाने वाटणी मागणे म्हणजे काय, हे आपल्या खेड्यात कोणाला समजावून द्यावे लागत नाही. ‘मी राबलो आणि कौतुक त्याचे’ हा थोरल्याचा रागही कामगारवस्तीत घरोघर ठाऊक आहे. परंतु तो मुलगा डुकरे चारू लागला यातली नामुष्की सांगावीच लागते. यहुदी धर्मात तो प्राणी अशुद्ध. श्रोत्याला काय ठाऊक आहे आणि काय सांगावे लागेल, याचा हा हिशेब म्हणजेच तयारी. तो मेजावर बसून होत नाही. त्यासाठी ओसरीवर, विहिरीवर, चाळीत जाऊन बसावे लागते.

मात्र एक धोका आहे. श्रोत्याला ओळखणारा वक्ता श्रोत्याला आवडेल तेवढेच बोलू लागतो. फाटकावरच्या सभेतही हे घडते. टाळ्या मिळतात, संघटना उभी राहत नाही. ख्रिस्ती प्रवचनाला तर माणसाला न रुचणारे सांगणे भागच आहे. थोरला मुलगा शेवटी घरात गेला की नाही, हे त्या गोष्टीत सांगितलेलेच नाही. ते ऐकणाऱ्याने ठरवावयाचे.

टिळकांच्या घरीच याचा दाखला आहे. एवढा वाक्पटू माणूस. परंतु लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये. जातीपातीचे बंधन त्यांच्या मनातून कसे गळून पडले, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे, आणि तेथे निर्णय त्यांच्या स्वतःच्या विचाराने झालेला दिसतो. पाद्री असो, कीर्तनकार असो वा युनियनचा कार्यकर्ता असो, त्याचे काम एवढेच की ऐकणारा घरी जाताना स्वतः विचार करू लागावा. त्या विचाराला लागणारा वेळ देण्याची मनाची तयारी ज्याची झाली नाही, त्याचे भाषण कितीही पाठ असले तरी त्याची तयारी अपुरीच म्हणावी लागेल.