एकत्र वाजवणं, वेगळं ठेवणं : मल्टिचॅनेल साऊंड कार्डचा घरगुती इतिहास

संगीत आणि यंत्रं यांच्या नात्यावर आपण बोलतो आहोत. आज विषय घेतलाय तो घरच्या कॉम्प्युटरवर अनेक चॅनेलमधून ध्वनिमुद्रण करण्याचा. वरवर पाहता हा विषय दुकानातल्या माहितीपत्रकाचा वाटतो: किती इनपुट, किती बिट, किंमत काय. पण त्यामागे अनेक दशकांचा एक प्रश्न आहे. माणसं एकत्र वाजवतात, तेव्हा प्रत्येकाचा आवाज वेगळा ठेवता येईल का? आणि वेगळा ठेवताना त्यांचं एकत्र असणं टिकेल का?

सुरुवात करूया १९४८ पासून. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी हॉलिवूडमधल्या आपल्या गॅरेजमध्ये मुद्रित केलेलं ‘लव्हर’ हे गाणं तेव्हा प्रसिद्ध झालं. त्यातले गिटारचे सगळे पदर त्यांनी एकट्यानेच वाजवले होते. मुद्रणाच्या वेळी टेप हाताशी नव्हती, तबकड्या होत्या. एका तबकडीवर वाजवायचं, ती लावून सोबत पुन्हा वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यायचं. शेवटच्या थराला चूक झाली की मागे जाणं अवघड, कारण आधीचे थर एकमेकांत मिसळून गेलेले. पिठलं झाल्यावर त्यातलं बेसन पुन्हा वेगळं करता येत नाही, तसंच हे.

१९५७ मध्ये अँपेक्स कंपनीने त्यांच्या घरी आठ ट्रॅकचं टेप यंत्र पोहोचवलं. किंमत सुमारे १० हजार डॉलर. एका इंच रुंद फितीवर आठ समांतर पट्टे, प्रत्येक पट्टा स्वतंत्र. इथे एक अडचण होती आणि ती नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढे कॉम्प्युटरवर हीच अडचण वेगळ्या रूपात येणार आहे. टेप यंत्रात मुद्रणाचं हेड आणि ऐकण्याचं हेड शेजारीशेजारी, पण थोड्या अंतरावर असतात. आधीचा ट्रॅक ऐकण्याच्या हेडवरून ऐकत नवीन वाजवलं, तर नवीन आवाज फितीवर जुन्याच्या मागे पडतो. अँपेक्सने तोडगा काढला तो असा: ज्या ट्रॅकवर मुद्रण नाही, तो मुद्रणाच्याच हेडवरून ऐकवायचा. याला ‘सेल-सिंक’ म्हणत. म्हणजे बघा, आठ ट्रॅकच्या यंत्राचं मर्म नुसतं आठात नव्हतं. आठही ट्रॅक एकाच वेळेला बांधलेले होते, हे खरं मर्म.

दुसरी गोष्ट अशी की हे तंत्र घरात वाढलं. पण ते इतकं महाग होतं की पुढची वीस वर्षं मोठ्या स्टुडिओंच्या ताब्यात राहिलं. बीटल्सचा १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ लंडनमध्ये चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला. जागा संपली की चार ट्रॅक दुसऱ्या यंत्राच्या एका ट्रॅकवर उतरवायचे आणि पुढे जायचं. पुढे १६ आणि २४ ट्रॅकची यंत्रं आली. ‘नंतर ठरवू’ म्हणण्याची सोय मिळाली खरी, पण तिच्यासाठी तासाचं भाडं मोजावं लागायचं.

१९७९ मध्ये जपानी टास्कॅमने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ आणलं. कल्पना साधी होती. आपल्या नेहमीच्या कॅसेटवर दोन बाजूंचे मिळून चार पट्टे असतातच. ते चारही एकाच दिशेने आणि दुप्पट वेगाने वापरायचे. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या घरी यावर गाण्यांचे कच्चे नमुने केले. मग बँडसोबत स्टुडिओत पुन्हा प्रयत्न झाला, पण कॅसेटमध्ये जे होतं ते काही हाती लागेना. शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाली.

आपल्याकडेही घराचं महत्त्व याच सुमारास वाढलं. मुंबईच्या हिंदी सिनेसंगीतात अनेक वर्षं गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकत्र गात-वाजवत असे, आणि चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. १९८९ मध्ये ए. आर. रहमान यांनी चेन्नईत घराच्या मागच्या आवारात स्वतःचा स्टुडिओ उभारला. १९९२ च्या ‘रोजा’नंतर थर चढवत गाणं बांधण्याची त्यांची पद्धत साऱ्या देशाने ऐकली.

त्याच १९९२ मध्ये अलेसिस कंपनीचं ‘एडॅट’ बाजारात आलं. एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक, आणि अशी यंत्रं एकमेकांना जोडून चालवायची सोय. टेप पुढे मागे पडली, पण एका प्रकाशतंतूतून आठ चॅनेल नेण्याची त्यांची पद्धत आजही वापरात आहे.

मग कॉम्प्युटर कुठे होता? १९८९ चं ‘साऊंड ब्लास्टर’ मुख्यतः खेळांसाठी होतं. सुरुवातीच्या अशा कार्डांवर एकाच वेळी ऐकणं आणि मुद्रण करणं जमत नसे. म्हणजे लेस पॉल यांनी तबकड्यांवर केलं, तेवढंही नाही! पुढे ते जमलं, पण इनपुट स्टिरिओ, म्हणजे दोनच. काहींनी शक्कल लढवली: दोन-तीन स्वस्त कार्डं एकाच डब्यात बसवायची. इथे पुन्हा वेळेचा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक कार्डाचं स्फटिकाचं स्वतःचं घड्याळ असतं, आणि दोन घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. समजा त्यांच्यात दहा लाखांत ५० चा फरक आहे. दहा मिनिटांत ३० मिलिसेकंद, अर्ध्या तासाच्या ख्यालात ९० मिलिसेकंद. सुरुवातीला तबला आणि गायक समेवर एकत्र, शेवटी फितूर! मल्टिचॅनेल कार्ड वेगळं ठरलं ते इथे. सगळ्या चॅनेलना एकच घड्याळ.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अशी कार्डं घरगुती आवाक्यात आली. ‘डेल्टा १०१०’ घ्या: आठ ॲनालॉग इनपुट, आठ आउटपुट, शिवाय दोन डिजिटल चॅनेल. पीसीआय कार्ड कॉम्प्युटरच्या आत, आणि नाजूक काम करणारा डबा बाहेर, कारण आत पंखे आणि वीजपुरवठ्याचा गोंगाट. डिस्कवरचा भारही मोजून पाहूया. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट. आठ ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं म्हणजे २१० मेगाबाइटच्या वर. तेव्हाच्या डिस्कच्या मानाने हे फार होतं.

तरी एक अडसर उरला, तो उशिराचा. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने देत नाही, बादली भरली की ओततो. १,०२४ नमुन्यांची बादली धरली, तर आत येताना २३ आणि बाहेर जाताना २३, मिळून ४६ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात हवेतला आवाज जवळपास १६ मीटर जातो. म्हणजे तबलजी गायकापासून १६ मीटर लांब बसलाय! मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा उशिरात गेला, तर ठेका कसा टिकणार? स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेल्या ‘एएसआयओ’ने विंडोजचे मधले थर टाळून प्रोग्रॅमला कार्डाशी थेट जोडलं. लिनक्सच्या जगात पॉल डेव्हिस यांच्या ‘जॅक’ आणि ‘आर्डर’ने तसंच काम केलं. बादली १२८ नमुन्यांची झाली की उशीर सहा मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे दोन मीटर. मैफलीत साथीदार बसतो तेवढाच लांब. सेल-सिंकने १९५७ मध्ये सोडवलेला प्रश्न चाळीस वर्षांनी नव्या यंत्रात सुटला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सगळं कशासाठी? आपल्याला वाटतं, यातून दोन वाटा फुटल्या. एक लेस पॉल यांची: एकटा माणूस, थरावर थर. तिला दोन इनपुटही पुरतात. दुसरी वाट आठ इनपुटांची: गायिका, हार्मोनियम, तबल्याला दोन माइक, तानपुरा, सगळे एका खोलीत, एकमेकांच्या डोळ्यांत बघत. गायिकेने अचानक तिहाई घेतली की तबलजी तिला उत्तर देणार. ते उत्तर आधी मुद्रित केलेल्या ठेक्यातून येत नाही. माइक एकमेकांचा आवाज थोडाफार पकडणारच, घरात भिंती काय आणि पडदे काय! पण हार्मोनियम नंतर थोडी मागे नेता येते, आणि तो निर्णय त्या मंडळींच्या स्वतःच्या हातात राहतो.

आज घरोघरी दिसतो तो बहुधा दोन इनपुटांचा छोटा यूएसबी डबा. तो उत्तम आहे, स्वस्त आहे, आणि त्याच्यासमोर बहुतेक वेळा एकच माणूस बसलेला असतो. त्यामुळे इनपुट किती हवेत असं कुणी विचारलं, तर आपण उलट विचारूया: तुमच्या खोलीत एकत्र बसून वाजवणारी माणसं किती आहेत? तेवढी मोजा, तबल्यासाठी एक वाढवा, आणि मग दुकानात जा.