तीन भागिले दोन

जुना प्रोजेक्ट क्लोन करायला दोन मिनिटं लागतात आणि तो चालवायला दोन दिवस, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? कारण सोपं आहे. क्लोन केल्यावर कोड येतो, पण तो ज्या काळात लिहिला गेला तो काळ काही सोबत येत नाही...

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे पायथन. ३ डिसेंबर २००८ ला पायथन ३.० आलं आणि त्याने जुन्या पायथनशी मुद्दामच फारकत घेतली. जुन्या चुका एकदाच काय त्या निस्तरायच्या, असा विचार. प्रिंटचं फंक्शन झालं, त्यामुळे जुना कोड पहिल्याच प्रिंटला आडवा पडायचा. ते एक वेळ परवडलं हो, निदान कळतं तरी! पण भागाकाराचं काय? पायथन २ मध्ये ३/२ चं उत्तर १ यायचं, पायथन ३ मध्ये १.५ येतं. एरर वगैरे काही नाही. ओळ तीच, उत्तर वेगळं. त्या ओळीत कोणाच्या पगाराचा किंवा औषधाच्या डोसचा हिशोब असेल तर?

लायब्ऱ्या बदलायला वेळ लागला. पायथन २ चा सपोर्ट २०१५ मध्ये संपायचा होता, तो २०२० पर्यंत वाढवावा लागला. शेवटचं २.७.१८ एप्रिल २०२० मध्ये आलं. म्हणजे अकरा-बारा वर्षं एका म्यानात दोन तलवारी!

मग लोकांनी उपाय काय केले? इयान बिकिंगच्या व्हर्च्युअलएन्वने २००७ पासूनच प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी चूल मांडून दिली होती. २०१२ मध्ये पायथन ३.३ ने तशी सोय भाषेतच आणली. पण चूल वेगळी झाली तरी डब्यात काय होतं ते लिहून कोण ठेवणार? ते काम रूबीवाल्यांच्या बंडलरने २०१० मध्ये केलं. त्याच्या लॉक फाईलमध्ये प्रत्येक लायब्ररीचं, आणि त्या लायब्ररीला लागणाऱ्या लायब्ररीचंही, नेमकं व्हर्जन असतं. एनपीएमने २०१७ मध्ये अशी फाईल आपणहून बनवायला सुरुवात केली.

सांगायचा मुद्दा हा की, व्हर्जन नंबर ही कोडबाहेरची कारकुनी नव्हे, तो कोडच्या अर्थाचाच भाग आहे. लॉक फाईल तर ठेवाच, पण भाषेचं व्हर्जनही लिहून ठेवा. पायएन्वला त्यासाठी एका ओळीची फाईल पुरते. आणि क्लोन केलेला प्रोजेक्ट पहिल्या फटक्यात चालला, तर लगेच खूश होऊ नका. तो चालतोय एवढंच कळलंय, उत्तर बरोबर देतोय का ते अजून बघायचंय.