एका बाटलीचे अठ्ठावीस तास

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या एका शेडमधल्या आरोग्य तपासणीचा हा घटनाक्रम. शेड, माणसं आणि वेळा प्रातिनिधिक आहेत. बाटलीत जे घडतं, ते मात्र असंच घडतं.

सकाळी 8. "काका, अर्धी भरली तरी चालेल," टेक्निशियन सांगतो. भट्टीवरचा कामगार लघवीचा नमुना आणून देतो. शिसं शरीरात गेलं की रक्तातला लाल रंग तयार करणाऱ्या साखळीतलं एक एन्झाइम अडतं. मग डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल, लॅबच्या बोलीत 'एएलए', साठत जातं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. रक्तातलं शिसं मोजणं जास्त खात्रीचं, पण त्याला महागडं यंत्र लागतं. एएलएला साधा कलरीमीटर पुरतो. शिवाय शेडमधली धूळ बाटलीत पडली तर लघवीतल्या शिशाचा आकडा खोटाच फुगतो. एएलए धुळीत नसतं, ते शरीरातच तयार होतं. म्हणून हा पुरावा मोलाचा, आणि तितकाच नाजूक. त्याला आम्ल हवं, अंधार हवा, थंडावा हवा. इथली बाटली पारदर्शक आहे. आत आम्लाचे थेंब टाकलेले नाहीत, बाहेर फॉइल गुंडाळलेली नाही.

8.30. खिडकीत बाटल्यांची रांग, मे महिन्याचं ऊन. ताज्या लघवीचा पीएच साधारण 6 असतो. तेवढ्या पीएचला एएलए तग धरून आहे. या घडीला सगळं वाचवता येईल.

10.30. बाटली भरताना त्वचेवरचे जिवाणू आत गेलेलेच असतात. उबदार जागी काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे दोन तासांत एकाचे चौसष्ट. उजेडही आपलं काम करतोच आहे.

दुपारी 1. थर्माकोलचा खोका आला, पण आईस पॅक रात्री फ्रीझरमध्ये ठेवायचे राहून गेले. खोक्यात आता अंधार आहे आणि ऊब आहे. जिवाणूंना आणखी काय हवं?

4.00. झाकण उघडलं तर अमोनियाचा उग्र दर्प येईल. प्रोटियससारखे जिवाणू युरिया फोडतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि पीएच 8 कडे सरकतो. लघवी गढूळ झाली आहे, तळाशी फॉस्फेटचा पांढरट साका बसला आहे. खरा घात इथे होतो. अल्कधर्मी द्रवात एएलएचे दोन-दोन रेणू एकमेकांना जोडले जाऊन वेगळाच पदार्थ बनतो, आणि तपासणीचं रसायन त्याला ओळखत नाही. शिसं कामगाराच्या हाडांत तसंच आहे. त्याची खूण तेवढी पुसली जाते आहे. सकाळी दोन थेंब आम्ल टाकलं असतं तर हे टळलं असतं, याची मला मनापासून चीड येते.

संध्याकाळी 7. खोका एसटीच्या पार्सलमधून शहराकडे निघाला. रात्रभर तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी 10. लॅबमध्ये बाटलीवर नंबर पडतो आणि ती उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये जाते. नियम पाळला गेला, पण गोठलं ते उरलंसुरलं. आता आम्ल घालूनही गेलेलं एएलए परत येत नाही.

दुपारी 12. तपासणीचं ते रसायन, म्हणजे अर्लिकचं रसायन, घातल्यावर परीक्षानळीत लाल रंग चढायला हवा. चढतो तो फिकट गुलाबी. मुळात रक्तातलं शिसं डेसिलिटरला 40 मायक्रोग्रॅमच्या आसपास गेल्यावरच लघवीतलं एएलए ठळकपणे वाढतं. म्हणजे ही खूण उशिराच उमटणारी, आणि तीही वाटेत झिजली. रिपोर्टवर शिक्का: 'नॉर्मल'.

पुढे कामगार पोटात कळ येते म्हणून दवाखान्यात जातो, रिपोर्ट दाखवतो आणि अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन परततो. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत शिशाची विषबाधा पहिल्याच क्रमांकावर होती. त्याच्या कलम 89 नुसार असा रुग्ण आढळला तर डॉक्टरने कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकांना लेखी कळवायचं असे. इथे कागदावर काही आढळलेलंच नाही. त्यामुळे पत्र जात नाही, निरीक्षक येत नाही, आणि त्याच भट्टीच्या धुरात उभे असलेले बाकीचे कामगारही तपासले गेले असं धरलं जातं.