तुरटीची गोष्ट

परवा माळा आवरताना आजोबांचं १९३८ सालचं एक पुस्तक हाती लागलं. उघडलं आणि पानाचा कोपरा चक्क पापडासारखा मोडला! समासात आजोबांनी पेन्सिलीनं काही लिहिलं होतं. त्यातलं अर्धं वाक्य चुरा होऊन हातात आलं.

मामा पेपर मिलमधून निवृत्त झालेले. त्यांना फोन केला, तर म्हणाले, "अरे, वाळवीला बोल लावू नकोस. ही तुरटीची करामत!"

मग वाचत गेलो. पूर्वी युरोपात शाई फुटू नये म्हणून तयार कागद सरसात बुडवत. १८०७ साली जर्मनीतल्या मोरित्झ इलिगनं सोपी युक्ती मांडली: लगद्यातच राळ आणि तुरटी घालायची. स्वस्त काम, यंत्रालाही सोयीचं.

तुरटी आणखी एक काम करायची. जाळीवर येणाऱ्या लगद्यात ९९ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते चटकन निथळायला हवं, पण त्याबरोबर तंतूंचा बारीक चुरा आणि चिनी माती वाहून जायला नको. दोन्हींवर ऋणप्रभार, म्हणून ती एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम धनप्रभारी, ते त्यांना जवळ आणतं.

पण तुरटीनं कागद आम्लधर्मी होतो आणि ते आम्ल वर्षानुवर्षं तंतू तोडत राहतं. लाकडाच्या स्वस्त लगद्यानंही हातभार लावला. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी १९५० च्या दशकात जुनी पुस्तकं तपासून हे आम्लाचं दुखणं सिद्ध केलं.

त्याच दशकात आम्लाशिवाय चालणारी, राळेची जागा घेणारी रसायनं आली. चिनी मातीऐवजी खडूची पूड घालता येऊ लागली. पण तुरटी गेली, आता बारीक कण धरणार कोण? त्यासाठी धनप्रभारी स्टार्च आणि पॉलिॲक्रिलअमाइड पुढे आले. १९८० च्या सुमारास स्वीडनमध्ये स्टार्चला अतिसूक्ष्म सिलिकाची जोड मिळाली. पाणी झटपट निथळू लागलं, कणही टिकू लागले.

गंमत बघा, खळ लावून घोटलेला जुन्नरी हातकागद पेशवे दप्तरात दोन-अडीचशे वर्षांनीही वाचता येतो. आजोबांच्या पुस्तकानं मात्र शंभरीही गाठली नाही. कागद बांधून ठेवणाऱ्या तुरटीनंच तो मोडला.

असो. उरलेली पानं स्कॅन करायला घेतली आहेत. आत्या, काका, तुमच्याकडे आजोबांची आणखी पुस्तकं असतील तर जपून उघडा, आणि आधी समास वाचा. ते गेलेलं अर्धं वाक्य काय होतं, हे आता कुणालाच कळणार नाही.