कट-ऑफ डेट नावाचा व्हिसा

कफ परेडच्या टॉवरांकडे पाठ करून उभे राहिलात की समोर मच्छीमार नगर दिसते. जवळच डॉ. आंबेडकर नगर आहे. समुद्राच्या कडेला होड्या, वाळत घातलेली मासळी. आणि झोपडीझोपडीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले कागद: रेशनकार्ड, वीजबिल, मतदार यादीचा उतारा. सोने हरवले तर चालेल, हे कागद हरवता कामा नयेत. असे का?

मित्रांनो, 'डिपोर्टेशन' म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. पण भारतीय नागरिकांनाच हाकलून देण्याचा हुकूम याच मुंबईत निघाला होता. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की फुटपाथवर राहणाऱ्यांना उठवून आपापल्या मूळ गावी पाठवले जाईल. तेही ऐन पावसाळ्यात!

तमिळनाडूतील सेलमचा एक भूमिहीन मजूर दुष्काळामुळे १९६१ साली मुंबईत आला होता. दहिसरच्या रासायनिक कारखान्यात रोजंदारी करून बायको आणि तीन मुलींसह तो महामार्गाच्या कडेला राहत होता. २३ जुलैला त्याचे खोपटे पाडले आणि कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवले. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो मात्र कामासाठी परत आला, पुन्हा फुटपाथवर. एका हुकुमाने एका घराची दोन घरे झाली.

दुसरा माणूस आपल्या संगमनेरचा. गावात चपला शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळत. हा धंदा गावात कोणाच्या वाट्याला येतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. गावचे घर पडले, तो मुंबईत बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवण्यासाठी त्याला गुंडाला ३०० रुपये मोजावे लागले. असे दोन फुटपाथवासी, पत्रकार ओल्गा टेलिस आणि पीयूसीएल सर्वोच्च न्यायालयात गेले.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला: उपजीविकेचा हक्क हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हा विजय मोठा होता. पण त्याच निकालाने फुटपाथवर राहण्याचा हक्क नाकारला आणि पावसाळा संपेपर्यंतची मुदत दिली. पर्यायी जागेची हमी मिळाली ती १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना. म्हणजे तत्त्व सर्वांसाठी, जागा मात्र तारखेत बसणाऱ्यांसाठी!

पुढे तारखा सरकत गेल्या. १९७६, १९८५, १९९५, २०००. मग २०११ पर्यंतच्यांना घर, पण पैसे भरून. माणसांचे 'पात्र' आणि 'अपात्र' असे दोन वर्ण तयार झाले. एकाच गल्लीत आधी आलेला थोरला भाऊ पात्र ठरतो आणि त्याच्या मागून आलेला धाकटा अपात्र. गुन्हा काय? उशिरा भूक लागली!

आता संविधान उघडा. कलम १९(१)(ड) आणि (ई): देशात कुठेही फिरण्याचे, कुठेही राहण्याचे स्वातंत्र्य. ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की राज्ये अनेक असली तरी नागरिकत्व एकच राहील. त्याच भाषणात त्यांनी गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांनाही फटकारले. हे दोन्ही विचार एकमेकांना जोडलेले आहेत. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, त्याला गाव सोडून जाता आले पाहिजे आणि जिथे जाईल तिथे तो पूर्ण नागरिक असला पाहिजे. सातारा सोडून मुंबईत आलेल्या रामजीबाबांना कोणी 'कट-ऑफ' विचारला असता तर? परळच्या चाळीत बाबासाहेबांचा संसार उभा राहिला, तोही स्थलांतरितांच्याच वस्तीत.

म्हणून 'बाहेरच्यांना हाकला' या घोषणेत आपल्या तरुणांनी आवाज मिसळण्यापूर्वी एवढे आठवावे: १९८१ साली सेलमचा मजूर आणि संगमनेरचा चपला शिवणारा एकाच अंतुले-हुकुमाखाली उठवले जात होते आणि एकाच याचिकेत लढत होते. 'मूळ गावी जा' म्हणणाऱ्याला मराठी-तमिळ हा फरक दिसला नाही, दिसली ती फक्त गरिबी.

आपली मागणी तारीख आणखी पुढे सरकवा एवढीच असू नये. तारखेवरून माणसाचे नागरिकत्व मोजणेच बंद करा, ही असावी. तोवर ती प्लॅस्टिकची पिशवी सांभाळा, आणि शेजाऱ्याचीही सांभाळायला मदत करा.

जय भीम! जय संविधान!